आधी ‘लागलं का?’

मराठी माणूस नेहमी ‘अपघात झाला’ असे म्हणतो. ‘मी अपघात केला’ असे सांगणारा गृहस्थ माझ्या तरी ऐकण्यात नाही. वर्गात व्याकरण शिकवताना मी हे उदाहरण दिले की मुले हसतात. रस्त्यावर मात्र आपण नेमके उलटे वागतो. दोन गाड्या एकमेकींना भिडल्या, की पहिला प्रश्न येतो, “चूक कोणाची?” करणारा सापडेपर्यंत कुणाला चैन पडत नाही.

गेल्या पावसाळ्यात पुणे-नाशिक रस्त्यावर, नारायणगावच्या अलीकडे, मी हा प्रवेश पाहिला. मोटारीचे मालक आणि स्कूटरवाल्याचा मेहुणा हातवारे करीत उभे होते. भोवती पंचवीस पंच जमले होते. खुद्द स्कूटरवाला कडेच्या दगडावर पोटरी धरून बसला होता आणि त्याच्या बोटांतून रक्त ठिबकत होते. टोमॅटो विकणारी एक म्हातारी उठली. “आरं, भांडताय काय? लागलंय त्याला!” म्हणाली आणि धुतलेले फडके जखमेवर घट्ट दाबून बसली. त्या गर्दीत शहाणे माणूस तेवढे एकच होते.

तेव्हा मंडळी, क्रम ध्यानात ठेवावा. गाडी थांबवून इंजिन बंद करावे, चारही इंडिकेटर चालू करावेत. मागची वाहने पाहून मगच उतरावे आणि मुलांना रस्त्यापासून दूर उभे करावे. मग सर्वांना, समोरच्या गाडीतल्यांनासुद्धा, विचारावे, “लागलं का?” रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक फिरवावेत. ठिकाण सांगताना जवळचे गाव आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगावा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरावे, ते सारखे उचलून पाहू नये. मानेला किंवा पाठीला मार लागल्याची शंका असेल, तर आगीसारखा धोका असल्याशिवाय त्या माणसाला ओढू नये. तहानलेल्याला पाणी पाजणे हे आपल्याकडे पुण्यकर्म; पण गंभीर जखमीला ते पाजू नये. शुद्ध हरपलेली असेल तर पाणी श्वासनलिकेत जाते. आणि डोके आपटलेला माणूस “मला काही झालं नाही” असे कितीही म्हणो, त्याला उलटी झाली किंवा गुंगी आली तर तडक दवाखाना गाठावा.

“पण पोलिसांचं लचांड मागे लागेल त्याचं काय?” असे आमच्या वाड्यातले भाऊसाहेब विचारतात. ही भीती आता जुनी झाली. आधी जीव वाचवा, कागद मागाहून, असे सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना १९८९ सालीच बजावले. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १३४अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर आता दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही.

गाडी चालवणाऱ्याला मात्र ही मोकळीक नाही. जखमीला उपचार मिळवून देणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. जमाव अंगावर येत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा सरळ पोलिस चौकी गाठावी. जागेवर पोलिस नसतील तर जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत, वर्दी द्यावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.

एवढे झाले की मग खुशाल चुकीकडे वळावे. गाड्या होत्या तशा असताना फोटो काढावेत, त्यांचे नंबर आणि साक्षीदारांचे फोन टिपावेत. रस्त्यातच नोटा मोजून प्रकरण मिटवू नये आणि कोऱ्या कागदावर सही तर मुळीच करू नये. चूक कोणाची, हे पोलिस, विमा कंपनी आणि कोर्ट सवडीने ठरवतील. वाहत्या रक्ताला तेवढी सवड नसते.

दसऱ्याला आपण गाडीला झेंडूची माळ घातलीच आहे. आता दिवाळीसाठी गावी निघताना फराळाच्या डब्याशेजारी एक धुतलेला पंचा आणि एक टॉर्चही ठेवावी. आणि मुलांना ते दोन आकडे तोंडपाठ करायला लावावेत. पाढ्यांपेक्षा ते सोपे आहेत.