ताप फॅरनहाइटमध्ये, ऊन सेल्सिअसमध्ये

आमच्या चारकोपच्या सेक्टरांत पोराचा ताप ‘शंभर’ असतो आणि बाहेरचं ऊन ‘छत्तीस’. एका घरात दोन मापं, तरी आजीपासून नातवापर्यंत कुणाचाच गोंधळ होत नाही. तापाला फॅरनहाइट राहू द्या. हवेला मात्र सेल्सिअसच योग्य. उष्णतेची लाट ठरवताना हवामान खातं मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश धरतं, किनारपट्टीवर ३७. आणि ३७ सेल्सिअस म्हणजे ९८.६ फॅरनहाइट, आपल्या अंगाचंच तापमान! त्यापुढे हवा अंगाची उष्णता घेत नाही, उलट देते. उरतो घामाचा आधार, आणि आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत तोही धड वाळत नाही. म्हणून सांताक्रूझचे ३६ नागपूरच्या कोरड्या चाळिशीपुढे कमी लेखू नयेत. वृत्तवाहिन्यांनो, तापमानाशेजारी आर्द्रतेचा आकडाही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दाखवा.