दोन गदा, दोन केसरी; घोळ मात्र कुस्तीच्या मतदार यादीत

नोव्हेंबर 2023 मध्ये एकाच महिन्यात राज्याला दोन महाराष्ट्र केसरी मिळाले. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेखनं गदा उचलली, धाराशिवला शिवराज राक्षेनं. 2025 ला परत तेच. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके. चारही पैलवान तगडे. खरा केसरी कोण, हा वाद पारावर अजून चालूच आहे. पण घोळ आखाड्यात झालेला नाही, तो संघटनेत झालाय.

भारतीय कुस्ती महासंघाच्या निवडणुकीत पैलवानाला मत नसतं. मत असतं राज्य संघटनेला, तेही प्रत्येकी फक्त 2. डिसेंबर 2023 ला अध्यक्षपदासाठी 47 मतं पडली. संजय सिंह यांना 40, राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलेल्या अनिता श्योराण यांना 7. गावच्या विकास सोसायटीला यापेक्षा जास्त मतदार असतात. 15 जणांच्या कार्यकारिणीत एकही महिला निवडून आली नाही. ज्या महासंघाविरुद्ध महिला पैलवान जंतरमंतरवर बसल्या होत्या, त्याची ही गोष्ट. त्याच दिवशी साक्षी मलिकनं बूट टेबलावर ठेवून कुस्ती सोडली.

मतदार इतके थोडे म्हटल्यावर कोणत्या राज्य संघटनेला मान्यता द्यायची, यालाच किंमत येते. मान्यता म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव. 2022 मध्ये महासंघानं शरद पवार अध्यक्ष असलेली राज्य कुस्तीगीर परिषद बरखास्त केली. पुढं रामदास तडस यांच्या नेतृत्वाखाली दुसरा संघ उभा राहिला. परिषदेनं ते मानलं नाही. म्हणून दोन स्पर्धा, दोन गदा. 2023 च्या निवडणुकीवेळी तर निवडणूक अधिकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या दोन्ही गटांना अपात्र ठरवलं. खाशाबा जाधवांचं राज्य, आणि मतदार यादीत नावच नाही!

वरच्यांच्या भांडणाची झळ पैलवानालाच बसते. निवडणूक वेळेत झाली नाही म्हणून ऑगस्ट 2023 मध्ये जागतिक संघटनेनं महासंघाला निलंबित केलं. पुढच्याच महिन्यात बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत अंतिम पंघालनं कांस्य जिंकलं, पण तिरंग्याखाली नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यानुसार कार्यकारिणी जास्तीत जास्त 15 जणांची, त्यात किमान 4 महिला आणि 2 नामवंत खेळाडू. महासंघांना मान्यता देण्यासाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ, निवडणुकीवर देखरेखीसाठी वेगळं पॅनल आणि वाद मिटवायला लवाद. लवादाच्या निकालावर अपील थेट सर्वोच्च न्यायालयात. चार बायका आत बसतील हे चांगलंच, पण तेवढ्यानं तालमीतल्या पोराला मत मिळत नाही.

हे लांबचं वाटेल, पण तसं नाही. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. प्रमाणपत्राची पडताळणी होते, तेव्हा स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची होती का, हे बघतात. दूध-बदामाचा खुराक बापानं कर्ज काढून घातलेला असतो. तेव्हा पोराचा अर्ज भरण्याआधी स्पर्धा कोण भरवतंय आणि आज मान्यता कुणाकडं आहे, हे वस्तादांना आणि जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारून घ्यावं.