अठरा मीटरचा यंत्रमानव आणि माळवदाचे वजन

विज्ञानकथेला एकच प्रश्न विचारून मोकळे व्हायचे, अशी एक सवय आपल्या साहित्यव्यवहाराला जडली आहे. हे शक्य आहे का? उत्तर 'नाही' आले की कथा बाद, 'हो' आले की लेखक द्रष्टा. अलीकडे हाच प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर अहोरात्र चालणाऱ्या जपानी चित्रमालिकांनाही विचारला जातो, आणि नवलाची गोष्ट अशी की तो विचारणाऱ्यांत या मालिकांचे भक्तच आघाडीवर असतात. नांदेडला विष्णुपुरीत अभियांत्रिकीची संस्था आणि आमचे विद्यापीठ यांच्यात फार अंतर नाही. तिकडची मुले इकडच्या मुलांना गणित मांडून दाखवतात की अठरा मीटर उंचीचा यंत्रमानव दोन पायांवर उभाच राहू शकणार नाही. इकडची मुले म्हणतात, कथा आहे, सोडून द्या. आमचे दोघांशीही भांडण आहे, आणि खरे सांगायचे तर 'सोडून द्या' म्हणणाऱ्यांशी ते अधिक आहे.

आधी गणित, कारण ते चांगले आहे. माणसाने आत बसून चालवायच्या या महाकाय यंत्रांना जपानीत 'मेका' म्हणतात. 'मेकॅनिकल'चे ते जपानी लघुरूप. १९७९ साली योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेल्या 'मोबाइल सूट गंडम' या मालिकेतील यंत्र अठरा मीटर उंच आहे, म्हणजे सहा फुटी माणसाच्या दहापट. उंची दहापट झाली की आडवा छेद शंभरपट होतो आणि वजन हजारपट. परिणामी हाडांवरचा ताण दहापट वाढतो. गॅलिलिओने १६३८ सालीच हे दाखवून ठेवले होते आणि जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६च्या एका निबंधात, नेमक्या आकाराचे माहात्म्य सांगताना, ते सामान्य वाचकासाठी पुन्हा उलगडले. सत्तर किलोच्या माणसाच्या हजारपट म्हणजे सत्तर टन. मालिकेच्या तपशिलात मात्र या यंत्राचे वजन सर्व सामग्रीसह साठ टन दिले आहे. म्हणजे धातूचा हा राक्षस प्रमाणाने पाहता हाडामांसाच्या माणसाहूनही हलका! पुढे योकोहामा येथे डिसेंबर २०२० पासून मार्च २०२४ पर्यंत हलत्या-डुलत्या, पूर्ण उंचीच्या गंडमचे प्रदर्शन भरले होते. तो यंत्रमानव पाय उचलत होता, बोटे हलवत होता, पण त्याला कमरेपाशी मागून एका भक्कम आधाराने धरून ठेवलेले होते. विष्णुपुरीची मुले बरोबर आहेत, हे जपानी अभियंत्यांनीच सिद्ध करून दाखवले.

बरे, मग? हे सिद्ध झाल्यावर मालिकेविषयी आपल्याला अधिक काय कळले? आमच्या मते काहीच नाही. भक्तमंडळींनी मेका-मालिकांची दोन गटांत वाटणी केली आहे. १९७२च्या 'माझिंगर झेड'सारख्या मालिकांतले यंत्र म्हणजे जवळजवळ देवच. त्याला 'सुपर रोबॉट' म्हणतात. गंडममध्ये ते युद्धसामग्री आहे. मोडते, त्याचा दारूगोळा संपतो, ते दुरुस्तीला जाते. हा 'रिअल रोबॉट'. दुसरा गट पहिल्याहून श्रेष्ठ, कारण तो शक्यतेच्या अधिक जवळ, असा साधारण युक्तिवाद असतो. परंतु ही जवळीक कशाने साधली जाते ते पाहा. गंडममध्ये 'मिनोव्स्की कण' नावाचा एक काल्पनिक कण आहे. तो पसरला की रडार आंधळे होते आणि दुरून अचूक मारा करणारी शस्त्रे निकामी ठरतात. भौतिकशास्त्रात असा कण नाही. १९८१ मध्ये 'गंडम सेंच्युरी' नावाचे एक पुस्तक निघाले आणि मालिकेच्या तंत्रज्ञानाची सविस्तर शास्त्रीय वाटावी अशी मांडणी तिथे झाली. म्हणजे मालिका आधी, स्पष्टीकरण मागाहून. भक्तांना ते स्पष्टीकरण प्रिय आहे. आम्हाला तो कण प्रिय आहे, आणि तो निराळ्या कारणासाठी. रडार आंधळे झाल्यामुळे सैनिकांना एकमेकांच्या जवळ यावे लागते. शत्रू पडद्यावरचा ठिपका राहत नाही; त्याला हात, पाय, मान असते. कथेच्या आरंभीच निवेदक सांगतो की युद्धाच्या पहिल्या महिनाभरात दोन्ही पक्षांची निम्मी माणसे मेली. तेव्हा लेखकाला मारणाऱ्याने मरणाऱ्याकडे पाहणे हवे होते, आणि त्याने त्यासाठी एक कण शोधला. या कणाची परीक्षा प्रयोगशाळेत करणारा वाचक चुकीच्या खोलीत शिरला आहे.

(यंत्रे माणसाच्याच आकाराची का, याचे सर्वांत खरे उत्तर याहून गद्य आहे. मालिकेची पुरस्कर्ती खेळण्यांची कंपनी होती आणि तिला विकायला बाहुले हवे होते. साहित्याच्या इतिहासात आश्रयदात्याच्या हट्टातून आलेल्या गोष्टी काही थोड्या नाहीत.)

मग काहीही चालते का? मुळीच नाही. इथेच 'सोडून द्या' म्हणणाऱ्या मंडळींशी आमचे भांडण सुरू होते. एक अशक्य गोष्ट मान्य करून घेतली की लेखकाने तिची किंमत चुकवली पाहिजे. १९९५ सालच्या 'निऑन जेनेसिस इव्हँजेलिऑन'मधील प्रचंड देह विजेच्या जाड केबलने जखडलेले असतात. केबल तुटली की आतल्या साठ्यावर जेमतेम पाच मिनिटे. हा नियम शास्त्रीय आहे की नाही हे आम्ही विचारत नाही. तो पाळला जातो का, हे विचारतो. पाळला जातो तिथे ती केबल नाळेसारखी वाटू लागते, आत बसलेले मूल खरोखर मूल वाटते. जिथे मालिका ऐन संकटात तो गुंडाळून ठेवते तिथे तिने त्याची किंमत चुकवली का, हे प्रेक्षकाने आग्रहाने विचारावे. हा आग्रह समीक्षेचा आहे.

आता घरी येऊ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली, हा किस्सा सर्वांना ठाऊक आहे. आद्याक्षरे उलटी करून घेतलेले ते नाव होते. त्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. नाव उलटे करणाऱ्या या लेखकाने पुढे 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत आख्खा माणूसच उलटा केला. मोबियसच्या पट्टीचे तत्त्व अवकाशाला लावून माणूस आरशातल्या प्रतिमेसारखा परततो, त्याचा उजवा हात डावा होतो, गणपतीची सोंड बाजू बदलते. या कथेवर एक बिनतोड शास्त्रीय आक्षेप घेता येतो. आपल्या शरीरातील प्रथिने आणि शर्करा यांच्या रेणूंनाही डावे-उजवेपण असते. उलटलेल्या माणसाला आपल्याकडची साखर गोड लागेल कदाचित, पण पचणार नाही. भरल्या ताटावर तो उपाशी मरेल.

आक्षेप खरा आहे. पण खऱ्या आक्षेपाचे दोन प्रकार असतात. एक कथेचे दार लावून घेणारा, दुसरा नवे दार उघडणारा. एच. जी. वेल्स यांनी १८९६ साली 'द प्लॅटनर स्टोरी'मध्ये उलटा माणूस आणला तेव्हा त्यांना या रेणूंची फिकीर नव्हती. अर्ध्या शतकाने आर्थर क्लार्क यांनी 'टेक्निकल एरर'मध्ये नेमका हाच आक्षेप उचलला आणि त्याचीच कथा केली. त्यांचा उलटलेला माणूस साध्या अन्नावर जगू शकत नाही. क्लार्क यांनी वेल्सना नापास केले नाही. वेल्सना जे सुचले नव्हते तिथून लिहायला घेतले. आपल्याकडे नारळीकरांच्या कथेवर असा आक्षेप घेऊन कोणी दुसरी कथा लिहिली असती, तर त्याला आम्ही मराठीतील उत्तम समीक्षक म्हटले असते. आपण केले काय? विज्ञानाच्या प्राध्यापकांनी 'कल्पना छान' म्हटले, मराठीच्या प्राध्यापकांनी 'व्यक्तिचित्रण कच्चे' म्हटले, आणि दोघांनीही कथा मिटून ठेवली.

'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा तर शक्यतेच्या प्रश्नाचा फोलपणा दाखवायला पुरेशी आहे. विश्वासराव १७६१च्या रणात वाचले आणि मराठे जिंकले, अशा एका समांतर इतिहासात इतिहासाचे प्राध्यापक जाऊन पडतात. शेवटी त्यांचा वैज्ञानिक मित्र पुंजभौतिकीचा आधार देऊन खुलासा करतो. हा खुलासा वाचकाला पटला नाही तरी कथेचे काही बिघडत नाही, कारण कथा त्याआधीच पटलेली असते. ती पटते मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी अजून दिमाखात उभी दिसते तेव्हा. आणि गंगाधरपंत आपल्या मुलाची चौकशी करायला त्याच्या कार्यालयात जातात व तिथे त्या नावाचे कोणी कामाला नाही असे उत्तर मिळते तेव्हा. पानिपत जिंकले, पण मुलगा हरवला. हा हिशोब पुंजभौतिकीत बसत नाही. तो त्या चौकशीच्या खिडकीपाशीच होतो, आणि आमच्या वर्गांत चर्चा मात्र शेवटच्या खुलाशाचीच होते.

शक्यतेचा प्रश्न विचारू नये असे आमचे म्हणणे नाही. तो कुठे विचारायचा याची आपल्याकडे जी उलटापालट झाली आहे तिच्यावर आमचा रोख आहे. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन भारतीय विमानविद्येवर एक निबंध वाचला गेला. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चे दाखले अशा वेळी दिले जातात, त्याचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ सालीच करून ठेवला होता. ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यातली विमाने उडू शकत नाहीत, असा त्यांचा स्पष्ट निष्कर्ष होता. तिथे 'हे शक्य आहे का' हा प्रश्न विचारणे कर्तव्य होते, कारण तिथे वस्तुस्थितीचा दावा होता. पण तळपद्यांचे विमान चौपाटीवर उडालेच होते असे छातीठोक सांगणारा गृहस्थ जेव्हा गंडमला म्हणतो, 'आधी स्वतःच्या पायांवर उभा राहून दाखव,' तेव्हा हसावे की रडावे ते कळत नाही. दाव्याला सूट आणि कल्पितावर दंड, असा हा न्याय आहे.

आणि हा न्याय मराठवाड्यात बसून कोणी करावा? १९८४च्या भूकंपविषयक नकाशात किल्लारीचा परिसर पहिल्या विभागात, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचे पठार स्थिर, असे सर्वांनी मानलेले. १९९२च्या पावसाळ्यानंतर तिथे धक्के जाणवू लागले होते, तरीही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपतीचे विसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना, ३ वाजून ५६ मिनिटांनी अशक्य ते घडले. हजारो माणसे गेली. २००२ साली नकाशा सुधारला तेव्हा तो पहिला विभागच रद्द करण्यात आला. वेळेआधी कोणी ही कथा लिहिली असती तर आमच्यातल्याच एखाद्या जाणकाराने तिला 'शास्त्रीयदृष्ट्या असंभाव्य' असा शेरा दिला असता, आणि तो शेरा त्या काळच्या नकाशाप्रमाणे बरोबर ठरला असता.

लातूरचेच आणखी एक उदाहरण. २०१६च्या उन्हाळ्यात या शहरात पाणवठ्यांभोवती जमावबंदीचे १४४ कलम लावले गेले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतरावरून पाण्याने भरलेली रेल्वेगाडी आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. १९९०च्या एखाद्या दिवाळी अंकात हे कथानक छापून आले असते तर 'लेखकाची कल्पनाशक्ती फारच भरकटली आहे' असे पत्र संपादकांना नक्की गेले असते. आणि तरीही, आगगाडीने पाणी येईल हे भाकीत करणे म्हणजे चांगली विज्ञानकथा लिहिणे नव्हे. घागरींच्या रांगेत कोणाचा नंबर कोणी कापला, गाडीचे स्वागत करताना छायाचित्रात कोण पुढे होते, मिरजेच्या माणसाला काय वाटले, हे ज्याने लिहिले असते त्याची कथा गाडी कधीच आली नसती तरी टिकली असती.

आम्ही किल्लारी मुद्दाम आणले, कारण वजनाचा विषय निघाला होता. त्या पहाटे माणसे मारली ती मुख्यतः घरांनी. मातीत बसवलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि त्यांवर पिढ्यान्पिढ्या थर देऊन जड झालेले मातीचे माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छप्पर अंगावर आले. छेद आणि घनफळ यांचे गणित गॅलिलिओकडून शिकण्याची गरज या भागातल्या माणसाला उरलेली नाही. म्हणूनच यंत्रमानवाच्या कथेला आम्ही विचारू इच्छितो तो प्रश्न असा : यात वजन जाणवते का? ते पाऊल पडते तेव्हा खाली कोणाचे घर असते का, आणि ते घर कोणाचे होते हे कथेला ठाऊक असते का? साठ टनांचा आकडा खरा की खोटा, हे त्यानंतर. गंडममध्ये लढाईच्या गदारोळात वस्तीतली माणसे दगावतात आणि मालिका ते विसरत नाही. ज्या मालिकांत शहरे उद्ध्वस्त होतात आणि पुढच्या भागात तीच शहरे इस्त्री केल्यासारखी उभी असतात, त्यांची कोष्टके कितीही अचूक असली तरी ते देखावे कागदाचेच राहतात.

मराठी विभागांनी या मालिकांना पोरखेळ समजून वर्गाबाहेर ठेवले आहे. नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद २०२१ मध्ये नारळीकरांना मिळाले, तेव्हा विज्ञानकथेला प्रतिष्ठा लाभल्याची भाषणे झाली. मे २०२५ मध्ये ते गेल्यावर ती भाषणे पुन्हा झाली. त्यांच्या कथा बारकाईने वाचण्याचे काम मात्र तसेच पडून आहे. ते करताना अभियांत्रिकीच्या त्या मुलांचा उपयोग होईल, कारण निदान ती पडद्यावर काय दिसते ते नीट पाहतात, मोजतात, त्यावर रात्र रात्र भांडतात. आमच्या चर्चासत्रांत एवढी आस्था आम्ही क्वचित पाहिली आहे. त्यांना एकदा मराठीच्या वर्गात बोलवावे. अठरा मीटरचे गणित त्यांना फळ्यावर पूर्ण मांडू द्यावे, कोणी मध्ये बोलू नये. ते झाले की फळा न पुसता विचारावे, इतक्या वजनाच्या यंत्रात पंधरा वर्षांचा मुलगा बसला आहे. जहाजावरच्या मोठ्या माणसांनी त्याला तिथे का राहू दिले?