पदवीचा सातबारा

मृग लागला की आपल्या वऱ्हाडातल्या घरांत दोन पेरण्या एकदम येतात. एक वावरातली आणि दुसरी पोरापोरींच्या प्रवेशाची. दोन्हींचा पैसा एकाच डब्यातून निघतो, हे घरधनिणींना वेगळं सांगायला नको. म्हणून आज दुसऱ्या कोणाची नाही, माझीच एक गोष्ट सांगतो. सांगताना थोडी लाज वाटते, पण तुम्ही काही परके नाहीत.

धामणगाव रेल्वेपासून दोन कोसांवर आमचं गाव. वडिलांची सोळा एकर कोरडवाहू. पराटी, ज्वारी आणि तुरीच्या चार ओळी. आम्ही दोघे भाऊ, दोन बहिणी. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो सातवीतून शाळा सोडून वखरामागे लागला होता. मी 1970 साली मॅट्रिक झालो तेव्हा वडील म्हणाले, आता दोघं मिळून वावर पाहा. दादाच आडवा आला. "याले शिकू द्या बाबा. वखर मी धरतो."

अशा रीतीने मी अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या कॉलेजात गेलो. शनिवारी गावी यायचं, सोमवारी पहाटे धामणगावहून गाडी धरायची, बडनेऱ्याला उतरून अमरावतीची गाडी घ्यायची. स्टेशनापर्यंत सोडायला आमचा सालदार बंडी जुंपायचा. सालदार म्हणजे माझा बालमित्रच. चौथीपर्यंत एका पाटीवर शिकलो. पुढे त्याच्या बापाच्या जागी तो आमच्याकडे सालाने राहिला. हिवाळ्यात बाजाराला न्यायच्या कापसाच्या बंडीवर मी पाय पोटाशी घेऊन बसायचो आणि तो बैलांशी बोलत चालायचा. शिदोरीतली अर्धी भाकर आणि ठेचा स्टेशनाबाहेर दोघं मिळून खायचो. गाडी हलली की तो हात करायचा नाही, नुसता उभा राहायचा.

गाडी चांदूरवरून जायची. पापळचे पंजाबराव देशमुख लहानपणी काही दिवस याच चांदूर रेल्वेच्या शाळेत होते. त्यांच्या विलायतेच्या शिक्षणासाठी वडिलांनी, शामरावांनी, जमीन गहाण टाकली होती. पंजाबराव ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले, बॅरिस्टर झाले, आणि परत आले ते अमरावतीला. तिथे त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं, पुढे शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. 1952 ते 1962 ते देशाचे कृषिमंत्री होते. एका बापाच्या गहाणखतातून असं जिल्ह्याचं शिक्षण निघालं. मी त्याच संस्थेच्या बाकावर चार वर्षं बसलो. पण गहाणखताची गोष्ट भाषणात ऐकली की टाळी वाजवायची आणि विसरायचं, एवढंच मला येत होतं.

1972 चं साल कोरडं गेलं. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मिळून वडिलांनी चार एकर विकले. घरी असताना त्याची चर्चा माझ्यापुढे कोणी केली नाही, मीही विचारलं नाही. 1974 ला बी. ए. झालो. तेव्हा अमरावतीला विद्यापीठ नव्हतं, ते 1983 साली झालं. (2005 पासून त्याला गाडगेबाबांचं नाव आहे. शाळेत न गेलेल्या माणसाचं नाव विद्यापीठाला! हे मला फार आवडतं.) आमची पदवी नागपूर विद्यापीठाची, पोस्टाने आली. माईने ती देवापुढे ठेवली. दादा वावरातून आला, हात धुऊन आला, आणि दोन्ही बाजूंनी ती पाहिली. मागची बाजू कोरी आहे हे पाहून त्याला जरा नवल वाटलं असावं.

मला नागपूरला कारकुनी मिळाली. लग्न झालं, भाड्याचं घर, मुलं. 1991 साली वडील गेले आणि वाटणीचा विषय निघाला. बहिणींनी त्या काळच्या रीतीप्रमाणे मुकाट्याने हक्क सोडले. मुलींना मुलांसारखा वाटा देणारा कायदा राज्यात 1994 ला आणि देशात 2005 ला आला, पण तेव्हा त्यांना काय हवं हे आम्ही भावांनी विचारलंसुद्धा नाही. राहिले बारा एकर. मी शिकलेला, म्हणून कागद मीच केले. सहा दादाला, सहा मला. दादा "बरं" म्हणाला.

परतताना मित्रच स्टेशनावर सोडायला आला. अर्ध्या रस्त्यात म्हणाला, "सोळा होते ना? चार तू कॉलेजात खाल्ले. ते कोनाच्या हिश्शात धरले?"

मला इतका राग आला म्हणून सांगू! आमच्या घरच्या गोष्टीत याने का बोलावं? सालदाराने? मनात हाच शब्द आला. बंडीतून उतरलो आणि उरलेला रस्ता पायी गेलो. त्यानंतर दोन पोळे गेले, मी गावाकडे फिरकलो नाही.

1993 च्या जूनमध्ये थोरल्या मुलाला तंत्रनिकेतनात घालायचं ठरलं. भविष्य निर्वाह निधीतून कर्ज काढावं लागलं. रात्री कागदावर फी, खानावळ, खोलीचं भाडं असे आकडे मांडत बसलो, आणि हात थांबला. माझे हे आकडे कोणी कधी मांडलेच नव्हते. सोळाचे निम्मे आठ. त्यातले चार माझ्या पोटात गेलेले. म्हणजे मला राहिले चार, दादाला आठ. शिवाय दादाने वीस वर्षं वखर धरला त्याचं काय, ते तर कागदावर येतच नव्हतं. पत्नीला दाखवलं. ती म्हणाली, "हे तुम्हाला आज कळलं?"

पुढच्याच आठवड्यात गावी गेलो. आधी मित्राच्या घरी. तो बाजेवर बसला होता, सरकून जागा दिली. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, "चा घे आधी." मग दादाकडे. दोन एकरांचं बक्षीसपत्र करतो म्हटलं. दादा ऐकेना. वयनी चुलीपाशी गप्प. शेवटी मी म्हटलं, हे बक्षीस नाही, चुकलेली बेरीज आहे. तेव्हा कुठे तो कचेरीत आला. सही करताना त्याचा हात सावकाश चालला, प्रत्येक अक्षर वेगळं.

बाहेर चहा घेताना त्याने विचारलं, "हा हिशेब तुले कोनं सांगतला?"

मी मित्राचं नाव घेतलं. दादा बराच वेळ हसला आणि म्हणाला, "त्याले शिकवाले पायजे होतं रे."