धावणे, हातकाम आणि सृष्टीचा आनंद

सृष्टिसौंदर्याचा आनंद म्हटला की आपल्या सुशिक्षित घरांत प्रथम प्रवासाची भाषा सुरू होते. उन्हाळ्याच्या सुटीत महाबळेश्वर किंवा माथेरान गाठावे, सूर्यास्त पाहावा, छायाचित्रे काढावी आणि घरी आल्यावर ती वर्षभर पाहुण्यांस दाखवावी, एवढ्यात सृष्टीशी असलेले आपले नाते पुरे झाले असे पुष्कळांस वाटते. मालेगावसारख्या ठिकाणी राहणाऱ्या मंडळींना तर ही समजूत विशेष सोयीची आहे. "आमच्या गावी आहे काय पाहण्यासारखे? ऊन, धूळ आणि मागांचा खडखडाट!" असे उद्गार तेथे सहज ऐकू येतात. या वेळी आम्हांस याच उद्गारांचा थोडा विचार करावयाचा आहे.

मालेगाव हे पर्जन्यछायेतील गाव होय, हे खरे. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस येथे पोहोचेपर्यंत बराचसा सरलेला असतो, आणि वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. परंतु याच गावास दोन नद्यांचा शेजार लाभला आहे. बागलाणच्या डोंगरांतून येणारी मोसम गावातून वाहते व पुढे गिरणेस मिळते. नारो शंकर राजेबहाद्दर यांनी १७४० च्या सुमारास बांधलेला भुईकोट किल्ला या मोसमेच्याच काठी उभा आहे. गावाबाहेर पडावे तो बाजरीची व कापसाची शेते, डाळिंबाच्या बागा, बांधांवरच्या बाभळी, बोरी आणि निंब लागतात. जवळच खंडोबा आणि बाणाई यांची चंदनपुरी आहे. इतके सारे दाराशी असताना ते दिसत नाही, याचे कारण आपण ते नेहमी धावत्या वाहनाच्या काचेतून पाहतो हेच असावे.

आमचे म्हणणे असे की, सृष्टीची ओळख डोळ्यांपेक्षा पायांना आणि हातांना लवकर होते. प्रथम पायांचे पाहू. पहाटे घरातून निघून शेतांमधल्या मातीच्या वाटेने दोन-तीन किलोमीटर सावकाश धावणाऱ्या मनुष्यास पंधरा दिवसांत जे कळते, ते वर्षभर मोटारीतून जाणाऱ्यास कळत नाही. ओढ्याच्या उतारावर उतरताच अंगास गारवा लागतो, कारण रात्रीची थंड हवा जड असल्यामुळे खोलगट जागी साचून राहते. मोटारीतून सपाट भासणाऱ्या वाटेचा चढ कोठे सुरू होतो, हे पोटऱ्या अचूक सांगतात. काळ्या मातीवरून मुरमावर पाय पडला की फरक तळव्यास कळतो. फाल्गुनात पळस फुलतो. चैत्रात निंबाच्या मोहोराचा वास पहाटेच्या हवेत भरून राहतो. पावसाळ्यात बाभळीवर पिवळे गोंडे येतात आणि थंडीत बोरी लगडतात. एखादी टिटवी रोज त्याच शेतात डोक्यावरून आरडत फिरू लागली, म्हणजे जवळच जमिनीवर तिची अंडी आहेत असे समजून आपण वाट थोडी बदलावी. पंचांगातील ऋतू हे असे एकेक करून आपल्या ओळखीचे होतात.

धावण्याची ही आवड परक्या देशातून आली, असे मानण्याचे कारण नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ साली झाली. तेथील शर्यतींत मुख्यतः शेतकरी वर्गातील तरुण अनवाणी धावत असत, आणि त्यांना पाहूनच सर दोराबजी टाटा यांनी हिंदी खेळाडूंना ऑलिंपिक सामन्यांस पाठविण्याचे मनावर घेतले. १९२० साली ॲंटवर्प येथे बेळगावकडचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. त्यांनी ती शर्यत २ तास ५० मिनिटांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. आपल्या नाशिक जिल्ह्याचे उदाहरण तर याहून जवळचे आहे. पश्चिमेकडील डोंगराळ भागातील सावरपाडा या लहानशा आदिवासी गावच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत दहा हजार मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक आणि त्याच वर्षी चीनमधील ग्वांगझू येथील आशियाई सामन्यांत रौप्यपदक मिळविले. याच जिल्ह्याच्या संजीवनी जाधव यांनी २०१७ साली भुवनेश्वर येथील आशियाई स्पर्धेत पाच हजार मीटरमध्ये कांस्यपदक पटकाविले.

ही दोन नावे आम्ही हेतुपुरस्सर घेतली. आपल्या एकत्र कुटुंबांत एक वाटणी कोणी न सांगता होऊन बसलेली असते. मोकळी हवा मुलग्यांच्या वाट्यास येते आणि हातकाम मुलींच्या व सुनांच्या वाट्यास. मुलगा पहाटे धावावयास निघाला तर आजी त्याच्यासाठी दूध तापवून ठेवते, सून निघाली तर "चहाचे कोण पाहणार?" हा प्रश्न उभा राहतो. तो उघड विचारला जातोच असे नाही. पुष्कळदा तो सुनेच्याच मनात उठतो आणि ती बूट पुन्हा फडताळात ठेवते. पदवी घेतलेल्या, नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या घरांतही हे घडते, म्हणून त्याचा उल्लेख करणे आम्हांस अवश्य वाटते.

स्त्रियांच्या प्रकृतीस धावणे मानवत नाही, हा समज एकट्या आपल्याच समाजाचा होता असेही नाही. १९२८ साली ॲमस्टरडॅम येथे स्त्रियांची आठशे मीटरची शर्यत झाली. तीनंतर काही स्पर्धक दमून मैदानावर बसल्या, एवढ्यावरून मोठा गहजब झाला आणि ती शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आली. ती परत आली १९६० साली. स्त्रियांच्या मॅरेथॉनला तर १९८४ पर्यंत वाट पाहावी लागली. शर्यत संपल्यावर पुरुषही दमून बसतात, हे त्या विद्वान मंडळींच्या ध्यानात आले नाही. आपल्याकडे श्रावणातील मंगळागौरीस मध्यरात्र उलटेपर्यंत झिम्मा-फुगड्या खेळणाऱ्या मुलींना पाहिलेल्या आजीबाईंस मात्र ही गोष्ट सांगावी लागू नये. वर्षातून एक रात्र जे अंगास मानवते, ते आठवड्यातून तीन सकाळी न मानवण्याचे कारण काय?

आता हातांकडे वळू. मालेगावची कीर्ती कापडासाठी आहे. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातून येऊन येथे स्थायिक झालेल्या मोमीन विणकरांनी हातमागावर लुगडी विणली, आणि पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. ज्या खडखडाटास आपण कंटाळतो, तो हजारो घरांच्या चुलीचा आवाज होय. असे असूनही त्याच गावातील सुशिक्षित घरांस कापडाविषयी त्याच्या किमतीपलीकडे फारसे ठाऊक नसते. कापूस शेतात, माग शेजारच्या गल्लीत, आणि आपण मात्र कपडा दुकानातून आलेला तेवढा जाणतो! हे अंतर थोडे तरी कमी करणारे एक सोपे काम आम्ही येथे सुचवितो. ते डाळिंबाच्या सालीचे आहे.

मालेगाव, सटाणा, देवळा हा सारा मुलूख डाळिंबांचा. दाणे खाऊन झाले की साल केरात जाते. ती सावलीत कडकडीत वाळवून डब्यात साठवावी. शंभर ग्रॅम वजनाचे कोरे सुती मांजरपाट घ्यावे. कोऱ्या कापडात खळ असते, ती राहिल्यास रंग नीट चढत नाही. म्हणून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ते अर्धा तास उकळून स्वच्छ धुवावे. तितक्याच वजनाची वाळलेली साल तीन लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावी, सकाळी मंद आचेवर तासभर उकळावी व गाळून घ्यावी. त्या काढ्यात ओले कापड सोडून मंद आचेवर तासभर ठेवावे. नंतर पंधरा ग्रॅम तुरटी विरघळविलेल्या कोमट पाण्यात ते अर्धा तास बुडवावे आणि पुन्हा काढ्यात घालून निवेपर्यंत राहू द्यावे. पिळून सावलीत वाळवले की किंचित करडी झाक असलेला सुंदर पिवळा रंग येतो. सालीतील तुरट द्रव्य कापसाच्या तंतूंस धरून राहते आणि तुरटीमुळे रंग पक्का होतो. हळदीचा पिवळेपणा उन्हात लवकर उडतो, तसा हा उडत नाही. तुरटीऐवजी चिमूटभर हिराकस वापरल्यास तेच कापड काळसर राखी होते. कांद्याची टरफले अशाच रीतीने उकळली तर सोनेरी तपकिरी रंग मिळतो. भांडे स्टीलचे असावे. लोखंडाच्या व तांब्याच्या भांड्याने रंग पालटतो. हिराकस पोटात जाण्याजोगा पदार्थ नव्हे, सबब हे भांडे स्वयंपाकास पुन्हा वापरू नये आणि लहान मुलांस त्या डब्यापासून दूर ठेवावे.

या कामात मुलग्यांनी हात घालावा, असा आमचा आग्रह आहे. गोधडीला टाके घालणे, फुलवाती वळणे, देवाची गेजवस्त्रे करणे ही कामे आजीच्या हाताखाली बसून शिकण्याजोगी आहेत, आणि त्यांत स्त्रियांनीच बसले पाहिजे असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. कापसाचा पेळू बोटांत धरून सूत न तुटता ओढून पाहावे, म्हणजे एका धोतराच्या मागे किती श्रम आहेत हे मुलास व्याख्यानावाचून समजते. आपले विणकर शेजारी काय करतात हे ज्यास बोटांनी कळले आहे, तो त्यांच्याविषयी हलका शब्द सहसा काढीत नाही. मालेगावसारख्या संमिश्र वस्तीच्या गावी ही गोष्ट लहान नव्हे.

दुसऱ्या बाजूने, पायांना जे कळते ते नेहमी सुखाचेच असते असे नाही. मोसमेच्या काठाने रोज धावणाऱ्यास नदीचे काळवंडलेले पाणी आणि त्यातील सांडपाणी, कचरा रोज दिसतो. सहलीस गेलेला मनुष्य घाण दिसली की तोंड फिरवून पुढे जातो. रोजच्या वाटेवर तसे करता येत नाही. आज घरात रंगाचे काम झाले, तर उरलेला काढा कोठे ओतावा हा प्रश्न अशा माणसास आपोआप सुचतो. सालीचा चोथा खताच्या खड्ड्यात जातो, हिराकसाचे पाणी मात्र नदीत किंवा विहिरीजवळ सोडू नये हे तो स्वतःच ठरवितो. एवढ्याने नदी स्वच्छ होणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु नगराच्या कारभाऱ्यांपुढे नदीची गाऱ्हाणी नेणारी माणसे, ती रोज पाहणाऱ्यांतूनच निघतील. वर्षातून दोनदा पुलावरून जाणाऱ्यांतून निघणार नाहीत.

आरंभ कसा करावा हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. पहिले तीन आठवडे एक मिनिट धावावे आणि दोन मिनिटे चालावे. असा क्रम वीस-पंचवीस मिनिटे एक दिवसाआड ठेवावा. सोबतीणीशी बोलता येईल एवढाच वेग असावा. दम लागून शब्द तुटू लागले की चालावे. उन्हाळ्यात सूर्य वर येण्यापूर्वी घरी परतावे. मुंबई-आग्रा रस्त्यावरील भरधाव वाहनांपासून दूर राहून शेतवाट किंवा शाळेचे पटांगण निवडावे. बाळंतपणानंतर, आजारातून उठल्यावर किंवा हृदयाचा विकार असल्यास वैद्याच्या सल्ल्यावाचून धावू नये. स्त्रियांनी दोघी-तिघींनी मिळून जावे. सोबतही होते आणि घरच्या वडीलधाऱ्यांची काळजीही कमी होते.

राहिला सकाळच्या चहाचा प्रश्न. तो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण धावण्याचे व हातकामाचे सारे उपदेश घराच्या ओट्यापाशी येऊन अडतात. आमची सूचना साधी आहे. आठवड्यातील तीन सकाळी चहा व दूध यांची जबाबदारी घरच्या पुरुषांनी घ्यावी, आणि रविवारी दुपारी घरातील थोरामोठ्यांनी व मुलांनी एकत्र बसून काही तरी हाताने करावे. सासूबाईंनी मनावर घेतले तर ही व्यवस्था एका महिन्यात अंगवळणी पडेल. पावसाळ्याच्या आरंभी, पहिल्या सरीनंतरच्या सकाळी, सून शेतवाटेवर असावी आणि नातू आजीजवळ सुईत दोरा ओवीत बसलेला असावा, एवढीच आमची अपेक्षा आहे. आमच्या वाचकांच्या घरी ती पुरी करणे मुळीच अवघड नाही.