गाडी आमची आम्हालाच जोडू द्या

आपल्या नाशिकला महिंद्राच्या कारखान्यात बोलेरो गाडी बनते. तिची लांबी ३,९९५ मिलिमीटर. १:२४ प्रमाणात तीच गाडी सुमारे साडेसोळा सेंटिमीटरची होते, वहीच्या पानावर मावते!

प्लास्टिकच्या गाड्यांचे सुट्या भागांचे संच मिळतात, त्यांवर असे प्रमाण छापलेले असते. पण पुष्कळदा संच येतो मुलाच्या नावाने नि जोडत बसतात बाबा. मला हे मुळीच पटत नाही. भाग पिळून तोडू नये, नेलकटरने कापावा, कड पॉलिश पेपरने घासावी. मग साबणाच्या पाण्याने धुवावा, तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. एकदम जाड दिला की दाराच्या रेषा बुजतात. एवढे आम्हाला जमते की! चिकटवायचे सोल्युशन मात्र उग्र असते, ते मोठ्यांसमोर, खिडकी उघडून वापरावे. चाक वाकडे बसले तर बसू द्या.

संच महाग असतात. परवडत नसेल त्याने पुठ्ठा घ्यावा, खऱ्या गाडीची मापे २४ ने भागावीत. प्रदर्शनात बक्षीस देताना गुरुजींनी गाडीची किंमत बघू नये, एवढेच विचारावे, "दारे कोणी कापली रे?"