निवेदन : राहत्या घराच्या विक्रीवरील भांडवली नफा करात सवलत मिळणेबाबत

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली
मार्फत : मा. कलेक्टर, पांढुर्णा (म. प्र.)

राहते घर विकून दोन वर्षांत दुसरे घेतले किंवा तीन वर्षांत बांधले, तर 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 54 खाली भांडवली नफ्यावर सूट मिळते. 2025 च्या कायद्यानेही हीच चौकट ठेवली आहे. म्हणजे सूट घर बदलणाऱ्याला आहे, घर सोडणाऱ्याला नाही. पांढुर्णा व सौसर तहसिलींत वडिलोपार्जित घर अनेकदा विकले जाते ते भावाभावांच्या वाटणीसाठी, दवाखान्याच्या खर्चासाठी किंवा उतारवयात नागपूरला मुलाकडे राहायला जाण्यासाठी. 50 लाखांपर्यंत रोख्यांचा मार्ग आहे; पण त्यात पैसा पाच वर्षे अडकतो आणि दवाखान्याचे बिल तितके थांबत नाही.

उदाहरणार्थ, 2001 साली 3 लाखांचे धरलेले घर 2025-26 मध्ये 30 लाखांना विकले. दुसरे काहीही उत्पन्न नसलेल्या विक्रेत्याला 4 लाखांची मूळ सूट वजा जाता 12.5 टक्क्यांनी, उपकरासह 2,99,000 रुपये कर बसतो. महागाई निर्देशांकासह 20 टक्क्यांचा पर्याय इथे आणखी महाग पडतो. त्याच वर्षी 12 लाख पगार असलेल्याचा कर मात्र रिबेटमुळे शून्य; ती रिबेट या नफ्याला लागू नाही. हा न्याय उलटा आहे.

त्यातही हे 3 लाख सिद्ध करणे सोपे नाही. 1 एप्रिल 2001 ची किंमत त्या दिवसाच्या मुद्रांक मूल्याहून जास्त धरता येत नाही. पांढुर्णा जिल्हा झाला ऑक्टोबर 2023 मध्ये. त्यामुळे तेव्हाची गाइडलाइन छिंदवाड्याच्या दप्तरात शोधावी लागते. आबादीतल्या बहुतेक घरांना तर 2020 च्या स्वामित्व योजनेपर्यंत मालकीचा कागदच नव्हता. सूट टिकवण्यासाठी, दुसरे घर होईपर्यंत नफा जमा ठेवण्याचे खातेही बँकांच्या ग्रामीण शाखांत उघडत नाही.

ब्रिटनमध्ये मालक सतत राहत असलेल्या मुख्य घराच्या नफ्यावर सहसा करच नसतो. अमेरिकेत एकट्या विक्रेत्याला 2,50,000 डॉलरपर्यंत सूट आहे, दुसरे घर घेण्याची अट नाही.

म्हणून किमान दहा वर्षे राहिलेल्या एकमेव घराच्या विक्रीवर, आयुष्यात एकदा, 50 लाखांपर्यंतचा नफा पुनर्गुंतवणुकीच्या अटीविना करमुक्त करावा. ते तूर्त शक्य नसेल, तर निदान 60 वर्षांवरील विक्रेत्यांपासून सुरुवात व्हावी. 2001 चे दर तहसीलनिहाय प्रसिद्ध करावेत व ग्रामीण शाखांत नफा खाते उघडण्याची मुभा द्यावी, ही विनंती.

निवेदक : पांढुर्णा व सौसर तहसिलींतील घरमालक व रहिवासी